लांब पल्ल्याचा सिलास

ग्रुम पुलावर मेला तेव्हा सिलास टेकडीवर होता आणि त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. एवढीच गोष्ट आहे. ज्यांनी असला खेळ कधी खेळला नाही ते म्हणतील, त्यात काय, कागदावरचा माणूस मेला, दुसरा करा. म्हणोत बापडे. त्यांची समजूत घालायला मी बसलेली नाही.

आम्ही थंडर बे या गावात लायलच्या तळघरात दर रविवारी दुपारी बसतो. खेळ मी चालवते. म्हणजे जग माझं, राक्षस माझे, पाऊसवारा माझा. बाकीच्यांचं एकेक पात्र. आपलं पात्र काय करतं ते प्रत्येकाने बोलून सांगायचं आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. कोण कुठे आहे ते पटावरच्या घरांत सोंगट्या दाखवतात. लायलची फर्न नावाची चोरटी पोरगी आहे. दाढीवाला ट्रक ड्रायव्हर पोरीचं पात्र चालवतो म्हणून नवख्या माणसाला हसू येतं. फर्न त्याच्या बहिणीची. बहीण अपघातात गेली आणि फर्न त्याच्याकडे आली. आमच्या टेबलाची रीतच तशी आहे. खेळाडू गेला म्हणून पात्र मारायचं नाही. घरच्यांना विचारायचं. त्यांना चालवायचं असेल तर त्यांनी चालवायचं.

सिलास हा डॅरिलचा जादूगार. आणि ग्रुम आर्व्हो कोस्केलाचा. बुटका, दाढीवाला, लोखंडात मढलेला, ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा.

आर्व्हो कागदाच्या गिरणीत सुतार होता. फासे टाकायचं लाकडी तबक त्यानेच केलं, आत जुन्या बिलियर्ड टेबलाची हिरवी बनात डकवली. नियमही त्याचाच. सगळे फासे तबकात पडणार, सगळ्यांसमोर, माझेसुद्धा. इतर ठिकाणी खेळ चालवणारा पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकतो आणि कुणी मरायला लागलं की हळूच आकडा बदलतो. पहिल्याच दिवशी आर्व्होने माझा पुठ्ठा उचलून चुलीशेजारी नेऊन ठेवला. "नोरीन, मला तुझी दया नको," म्हणाला. "तुझे राक्षस पाठव."

गेल्या शरदात आर्व्हो गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. उन्हाळ्यात बोटीत बसून मासे पकडणारा माणूस पानगळ संपेपर्यंत टिकला नाही.

बर्फ पडायला लागल्यावर एका रविवारी त्याची बायको लोरेन तळघराचा जिना उतरून आली. इतकी वर्षं ती फक्त वेलदोड्याचा पुल्ला, म्हणजे गोड पाव, भाजून त्याच्या हाती पाठवायची आणि वर "तुमची भुतंखेतं आवरा लवकर" असा निरोप द्यायची. आर्व्होच्या खुर्चीत बसली, कोटही काढला नाही.

"ग्रुमला समुद्र बघायचाय ना?" तिने विचारलं.

बघायचाच होता. पात्र तयार केलं त्या दिवशी आर्व्होने कागदावर लिहिलं होतं की ग्रुम खाणीत जन्मला आणि त्याला एकदा समुद्र बघायचा आहे. आर्व्होनेही कधी पाहिला नव्हता. आमच्यापुढे सरोवर आहे, पलीकडचा काठ दिसत नाही त्याचा, पण त्याला खारं पाणी हवं होतं. त्याच्या त्या एका ओळीवरून मी सगळी मोहीम रचली होती. खाणीपासून नदी धरून खाली, मुखापर्यंत. आता शेवटचा टप्पा राहिला होता.

"बघायचाय," मी म्हणाले.

"मग मी नेते त्याला. फक्त कोणता फासा कधी टाकायचा ते सांगत जा. आणि लायल, मी चुकले तर हसायचं नाही."

"हसलो तर पुल्ला बंद होईल," लायल म्हणाला. "मी एवढा मूर्ख नाही."

डॅरिल पटावरच्या सोंगट्या सरळ करत बसला.

डॅरिलबद्दल सांगायला हवं. तो आर्व्होचा शेजारी, एका बोटीतला, एका डब्यातलं खाणारा. ग्रुम आणि सिलास दोघांनी एकाच दुपारी आर्व्होच्या स्वयंपाकघरात बसून तयार केले होते, एकमेकांच्या मापाने. ग्रुम पुढे ढाल धरणार आणि सिलास त्याच्या पाठीला पाठ लावून जवळचे मंत्र टाकणार. त्यातला एक मंत्र खेच. पडलेल्या सोबत्याला हात लावायचा, त्याला ओढून मागे घ्यायचं, रक्त थांबवायचं. पल्ला अगदी हाताएवढा. म्हणजे तो वापरायचा तर मार खाण्याच्या जागी उभं राहावं लागतं. सिलासने तो किती वेळा वापरला याची गणती नाही. ग्रुम पडायचा, डॅरिल म्हणायचा, "ऊठ रे म्हाताऱ्या," आणि आर्व्हो म्हणायचा, "पाच मिनिटं झोपू दे की."

जानेवारीत सगळ्यांची पातळी चढली. पातळी चढली की पात्राची नव्याने जुळणी करता येते, जुना मंत्र सोडून नवा घेता येतो. डॅरिल लॅपटॉप घेऊन आला. ज्याची भीती वाटावी असा हुशारपणा त्याच्या चेहऱ्यावर होता.

"सिलास मी पुन्हा बांधलाय," तो म्हणाला. "पूर्ण. लांब पल्ल्याचा."

मग त्याने दाखवलं. अग्निबाणाचा पल्ला दुप्पट. आडोसा असला तरी नेम चुकत नाही. शत्रू जितका लांब तितका मार जास्त. उंच जागा मिळाली तर आणखी भर. हे सगळं त्याने इंटरनेटवरच्या शहाण्यांकडून उचललं होतं. मला असल्या लोकांचा संताप येतो. ही माणसं एकटीच खोलीत बसून पात्रं बांधतात, बेरजा करतात, कोणता मंत्र सोनं आणि कोणता कचरा याच्या प्रतवाऱ्या लावतात. त्यांच्या बेरजेत शेजारी बसलेलं माणूस कुठे धरलेलंच नसतं.

"आणि खेच?" मी विचारलं.

"काढला."

लायलने चिप्स खाणं थांबवलं. "काढला म्हणजे?"

"अरे, कचरा आहे तो. सगळे तेच सांगतात. पडलेल्याला उचलण्यात खेळी घालवण्यापेक्षा पाडणाऱ्यालाच आधी मारलेलं बरं. शत्रू आपल्यापर्यंत पोचलाच नाही तर पडेल कोण?"

"फर्न पडेल," लायल म्हणाला. "फर्न दर रविवारी पडते. तिचा छंद आहे तो."

लोरेन पटाकडे बघत होती. "म्हणजे सिलास आता ग्रुमच्या मागे उभा राहणार नाही?"

"मागेच. पण बराच मागे." डॅरिलने तिच्याकडे न बघता सिलासची सोंगटी उचलून पटाच्या पार कडेला ठेवली. "इथून. इथून मला सगळं दिसतं, लोरेन. इथून मी तुमची जास्त चांगली राखण करीन."

"बरं," ती म्हणाली. "तुला कळतं त्यातलं. मला काय."

ज्याचं पात्र त्याने बांधावं, त्यात खेळ चालवणाऱ्याने तोंड घालू नये, हा सगळीकडचा नियम आहे. मी खोडरबर पुढे केलं. त्याने कागदावरचं खेच खोडलं आणि फुंकर मारून कचरा उडवला.

आणि सिलास चालला. खोटं कशाला सांगू, झकास चालला. नदीकाठच्या लुटारूंनी धनुष्यं ताणायच्या आत ते जळत होते. लांडगे बर्फातून निघाले ते बर्फातच पडले. डॅरिल फासे टाकायचा, बेरीज करायचा, आकडा सांगायचा, आणि मी एकेक सोंगटी पटावरून उचलायची.

"मी ढाल खाली ठेवून विणकाम करू का?" लोरेन एकदा म्हणाली.

"कर की," लायल म्हणाला. "मला एक टोपी. फर्नला पण एक."

लोरेन हळूहळू शिकली होती. कोणता फासा कधी, हे आता विचारावं लागत नव्हतं. ग्रुमच्या तोंडी ती वाक्यंही घालायला लागली होती, आर्व्होच्या ढंगात, थोडी चुकवत, थोडी स्वतःची भर घालत. एकदा सरायवाल्याशी भांडताना तिने ग्रुमच्या तोंडून आर्व्होच्या फिनिश भाषेत अशी शिवी हासडली की लायल खुर्चीतून घसरला. त्या दिवशी ती खूप हसली. डॅरिल मात्र आपल्या टोकाला बसून होता. पूर्वी तो आणि आर्व्हो खुर्च्या भिडवून बसायचे. आता तो जिन्याजवळच्या स्टुलावर बसायचा, तिथून पट नीट दिसतो म्हणून. सोंगटी हलवायला त्याला दर वेळी उठावं लागायचं.

पुलाची लढाई फेब्रुवारीच्या शेवटी आली. खोल दरी, तिच्यावर दगडी पूल, पुलापलीकडे उतार आणि उताराच्या टोकाला समुद्र. "वारा खारट आहे," मी सांगितलं आणि लोरेनने खुर्ची पुढे ओढली.

"ग्रुम पहिला जातो," ती म्हणाली. "त्याला थांबवणार कोण."

"फर्न त्याच्या पुढे पळते," लायल म्हणाला. "पलीकडे काही चोरण्यासारखं आहे का बघायला."

"सिलास टेकडीवर चढतो," डॅरिल म्हणाला. "उंचावरून."

कातळखाऊ मी पुलाखाली ठेवले होते. दगडाच्या रंगाचे, दगडाला चिकटून चढणारे. डॅरिलवर सूड म्हणून नाही. शत्रू कायम समोरून, मोकळ्या मैदानातून येत नाहीत, एवढंच. ते दोन्ही कठड्यांवरून एकदम वर आले. फर्न तोवर पलीकडच्या टोकाला पोचली होती आणि तिच्या मागे वाट बंद झाली. ग्रुम मधोमध, एकटा.

डॅरिलने पहिल्या फेरीत एक जाळला. दुसऱ्या फेरीत आणखी एक. नेम चुकत नव्हता, बाण कठड्याला वळसा घालून जात होते, सगळं कागदावर होतं तसंच. पण कातळखाऊ ग्रुमला आधीच भिडलेले होते. लांबून येणाऱ्याला लांबवर मारता येतं. पायाखालून निघालेल्याला कुठे मारणार?

माझे फासे तबकात पडले. सगळ्यांनी पाहिले. मी बेरीज केली आणि मला ती सांगवेना.

"सांग," लोरेन म्हणाली.

"ग्रुम पडला."

पडलेल्या पात्राला खेळात थोडा अवधी मिळतो. दर फेरीला एक फासा. चांगला पडला तर त्याने जीव धरून ठेवला, वाईट पडला तर मरणाकडे एक पाऊल. तिसऱ्या पावलाला संपलं.

लोरेनने फासा टाकला. वाईट.

डॅरिल स्टुलावरून उठून पटाशी आला. वाकून घरं मोजायला लागला. "सिलास धावतो. मंत्र नाही, काही नाही, नुसता धावतो. कुठवर जाईल?"

मी दाखवलं. टेकडीच्या पायथ्यापर्यंतसुद्धा नाही.

"उडी मारली तर?"

"पाय मोडेल. तरी पूल लांबच."

"लायल, फर्नकडे औषध आहे ना."

"आहे," लायल म्हणाला. "मध्ये दोन कातळखाऊ पण आहेत. मी जातो. फर्न त्यांच्या पायांतून घुसते." त्याने फासा टाकला. फर्न घुसली नाही. तिला उचलून कठड्यावर आपटलं.

लोरेनने दुसरा फासा टाकला. चांगला. वर लायलच्या बायकोने भांडी लावायला घेतली होती, त्याचा आवाज येत होता.

डॅरिलने उरलेले दोन्ही कातळखाऊ त्याच फेरीत जाळले. असला मार मी या टेबलावर कधी पाहिला नाही. पूल रिकामा झाला. शत्रू उरला नाही. फक्त ग्रुम पडलेला, फर्न त्याच्याकडे सरपटतेय आणि सिलास अजून टेकडीच्या उतारावर.

"एवढी एक फेरी," डॅरिल म्हणाला. "एवढी एकच फेरी काढ, म्हाताऱ्या."

लोरेनने फासा मुठीत बराच वेळ धरला आणि टाकला. तो एकावर थांबला. आमच्यात एक पडला की ती दोन पावलं धरतात.

मी ग्रुमची सोंगटी आडवी केली. ते माझंच काम.

डॅरिल उभाच होता. "मी खेच काढला नव्हता," तो म्हणाला. "समजा. समजा जानेवारीत मी तो काढलाच नाही. मग सिलास त्याच्या मागेच असता. कायम तिथेच असायचा. नोरीन, सगळ्यांना माहीत आहे तो तिथेच असायचा."

"माझी हरकत नाही," लायल म्हणाला. "माझी अजिबात हरकत नाही. आपलंच टेबल आहे, आपण ठरवू ते."

मी लोरेनकडे पाहिलं. तिने मान हलवली असती तर मी नियम, तबक, आर्व्होचा शब्द, सगळं गुंडाळून ठेवलं असतं. सोंगटीवर माझा हात होताच.

"नको," लोरेन म्हणाली.

"अगं, पण समुद्र समोर आहे," डॅरिल म्हणाला. "इतकं जवळ आणून..."

"तू तिथे नव्हतास, डॅरिल." आवाज चढवला नाही तिने. "समजा कशाला म्हणायचं? नव्हतास."

"मला वाटलं लांबून जास्त उपयोग होईल."

"हो. तू हॉस्पिटलच्या पार्किंगपर्यंत यायचास. ट्रक चालू ठेवून बसायचास. मला खिडकीतून दिसायचास. पहिल्या वेळी वाटलं, गाडी लावतोय, येईल आता वर. मी आर्व्होची उशीसुद्धा सरळ केली." ती थांबली. "त्याला सांगितलं नाही मी. तो विचारायचा, डॅरिल आला का. मी म्हणायचे, कामावर असेल."

डॅरिल खाली बसला. स्टुलावर नाही, जिन्याच्या पायरीवर. "मला बघवलं नसतं," तो म्हणाला. "तो इतका बारीक झाला होता. लायलने सांगितलं होतं मला. मला ते बघायचं नव्हतं."

"मला बघायचं होतं का?"

त्याने आणखी सबब सांगितली नाही. एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणेन. दुसरा कुणी असता तर रडून तिच्याकडूनच समजूत काढून घेतली असती. पुरुषांना ते जमतं.

लायलने तबकातले फासे गोळा करायला हात घातला, मग मागे घेतला. मला वाटलं हा रविवार संपला, टेबलही संपलं. आता लोरेन कोट घालेल, डब्याचं झाकण लावेल, जिना चढेल.

"सिलास कुठे आहे?" लोरेनने विचारलं.

मी सोंगटी दाखवली. उतारावर, अर्ध्यात.

"त्याची खेळी आहे ना?"

होती. डॅरिल उठला, पटाशी आला आणि सिलासला एकेक घर पुढे सरकवायला लागला. शत्रू नसताना असं मोजत बसत नाहीत. मी नुसतं 'तू पोचलास' म्हणते. पण तो प्रत्येक घरावर सोंगटी टेकवत होता आणि मी त्याला थांबवलं नाही. टेकडी संपली. रस्ता. पुलाचा पहिला दगड. लायलने आपल्या खेळीला फर्नला उठवून ग्रुमपाशी आणून बसवलं आणि तो वाट बघत राहिला.

"सिलास त्याला उचलतो," डॅरिल म्हणाला. "समुद्राकडे नेतो."

मला ते सांगणं भाग होतं. "जमणार नाही. त्याच्या अंगात तेवढं बळ नाही. तूच कमी केलंस, बुद्धी वाढवायला. ग्रुम लोखंडासकट आहे."

"फर्न पाय धरते," लायल म्हणाला.

"तरी नाही."

डॅरिलने आपला कागद उचलला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. सगळे ते लांब लांब आकडे. त्यातला एकही इथे कामाचा नव्हता. "मग काय करू मी," तो म्हणाला. ते आमच्यापैकी कुणाला उद्देशून होतं असं मला वाटत नाही.

"चिलखत काढा त्याचं," लोरेन म्हणाली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"माणूस उचलायचा तर अंगावरचं आधी काढायचं. मला माहीत आहे. शिरस्त्राण काढ. ढाल बाजूला. मग छातीचं. त्याखाली पट्टे असतील, ते सोड, ओढू नकोस."

"सोडतो," डॅरिल म्हणाला. "सिलास पट्टे सोडतो."

"हातमोजे राहू देत, त्याचे हात गार पडायचे. आता त्याच्या मागे जा. अगदी मागे. गुडघे टेक. दोन्ही बगलांतून हात घाल आणि छातीवर एकमेकांत अडकव. डोकं तुझ्या खांद्याशी यायला हवं, लोंबकळता कामा नये."

डॅरिलचे हात टेबलावर होते. ती सांगत होती तसे ते हलत होते, त्याला कळत नसावं. "डोकं खांद्याशी," तो म्हणाला.

"कमरेने उचलू नकोस. मांड्यांवर जोर घे. लायल, तू पाय. एकदम."

मी फासा मागितला नाही. तबकाकडे कुणी पाहिलंही नाही.

"उचलला," डॅरिल म्हणाला. "हलका आहे."

"हो," लोरेन म्हणाली. "शेवटी शेवटी तसेच होतात."

तिने त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. त्यानंतरच्या कुठल्या रविवारी तिने त्याच्याशेजारी खुर्ची घेतली नाही. त्या दुपारी ती फक्त टेबलावर पुढे वाकली होती आणि बोटाने पटावरची वाट दाखवत होती, कुठे दगड निखळलेत, कुठे बर्फ आहे, कुठून उतार सुरू होतो. ते दोघं एकेक घर चालत होते.

"हळू," ती म्हणाली. "त्याचं डोकं सांभाळ."